अकरा काळ्या फिती

वेस्टमिअर हा इंग्लंडातील एक लहानसा परगणा. तिकडचे लोक त्याला काउंटी म्हणतात. त्या काउंटीचा क्रिकेट संघ दुसऱ्या श्रेणीत खेळतो आणि पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी वर्षानुवर्षे धडपडतो. कडेगावजवळच्या आमच्या ऊसपट्ट्यातील वस्तीवर या संघाचे नाव पोचण्याचे काहीच कारण नव्हते. पण गेल्या एप्रिलमध्ये माझा नातू साईराज डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून त्या संघात गेला, आणि वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मी वेस्टमिअरची झाले.

मी कोणतीही गोष्ट अर्धवट करत नाही. कडेगावच्या शाळेत बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. यजमान पलटणीत सुभेदार होते. ते रजेवर आले की आम्ही दोघे रेडिओला कान लावून कसोटी सामने ऐकत असू. त्यामुळे खेळ मला कळत होता. नवे एवढेच, की आता सामना घरच्या टीव्हीवर थेट दिसत असे. दुपारी तीनला खेळ सुरू होई. त्याआधी माझा चहा झालेला असे, आणि त्यानंतर कोणी माझ्याशी बोलायचे नाही, असा दंडक मी घालून दिला होता.

तो हंगाम म्हणजे हातातोंडाशी आलेला घास खाली पडण्याची मालिकाच होती. मे महिन्यात वेस्टमिअर दोन धावांनी हरले. जूनमध्ये प्रतिस्पर्ध्यांचा शेवटचा गडी बाद व्हायचा राहिला आणि पाऊस आला; मैदानावर आच्छादन पसरून होते न होते तोच ऊन पडले, पण वेळ संपली होती. जुलैमध्ये एकदिवसीय स्पर्धेची उपांत्य फेरी होती. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. एक फलंदाज धावला, दुसरा जागेवर उभा राहिला. ऑगस्टमध्ये साईराजने एका डावात सात गडी बाद केले, तरीही संघ एका गड्याने हरला.

प्रत्येक पराभवानंतर कर्णधार कॅमेऱ्यासमोर येई. बेन हॅरॉप त्याचे नाव. उंच, उन्हाने नाक लाल झालेला, तिशीतला माणूस. तो दर वेळी तेच सांगे: "आम्ही विजयाच्या जवळ होतो." त्या 'जवळ' शब्दाचा मला तिटकारा येऊ लागला होता, पण त्या माणसाचा कधी आला नाही. तो कोणाला दोष देत नसे.

आमच्याकडे तीस वर्षे काम करणारी चंद्राबाई भांडी घासता घासता दारातून डोकावे.

"आवं आक्कासाहेब, ही पोरं शेवटाला पोचायचीच न्हाईत व्हय? आमची म्हस बी येळंवर गोठ्यात येती."

"चंद्राबाई, सामना चालू आहे."

"चालू हाय म्हनूनच इचारलं. संपल्यावर तुमी दोन दिस बोलत न्हाईसा."

सामना संपला की साईराजचा फोन येई. तो आधी माझ्याशी बोले, मग त्याच्या आईशी. माझा मुलगा जोतीराम अरुणाचलात सीमेवर असतो. महिन्यातून दोनदा त्याच्याशी बोलणे झाले तर झाले. तेव्हा साईराजला वळण लावले ते मीच. चार वर्षे रोज पहाटे त्याला एस.टी.त बसवून मी कराडला सरावाला पाठवले, आणि तो परत आला की त्याच्याकडून इंग्रजीचे एक पान लिहून घेतले. भारत अ संघात निवड झाली तेव्हा त्याने जर्सी आधी माझ्या हातात दिली. एवढे सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेस्टमिअरचा शेवटचा सामना होता. जिंकले तर पहिली श्रेणी. अनिर्णित राहिला तर हाती काहीच नाही. सामना घरच्या मैदानावर होता. तीन आठवडे तिकडे पाऊस नव्हता आणि खेळपट्टीला भेगा पडल्या होत्या.

"आजी, ही खेळपट्टी माझ्यासाठीच वाळत घातलीय," साईराज आठ दिवस आधी म्हणाला. "बेन म्हणतो, चौथ्या दिवशी चेंडू तुझ्या हातात दिला की मी नुसता स्लिपमध्ये उभा राहणार."

"मग तू त्याला उभाच ठेव," मी म्हणाले. "दर षटकाला क्षेत्ररक्षण बदलत बसू नकोस."

तो हसला. ते आमचे शेवटचे सरळ बोलणे.

सामन्याच्या दोन दिवस आधी घरचे इंटरनेट गेले. माझी सून क्रांती म्हणाली, "आत्याबाई, पाइपलाइनचं काम चाललंय ना, त्या जेसीबीनं केबल तोडली. पाच-सहा दिवस तरी लागतील म्हणालेत."

"तुझ्या मोबाइलवर लाव."

"माझा पॅक संपलाय. आणि इतका वेळ चालत पण नाही तो."

क्रांती माझी सून होऊन सत्तावीस वर्षे झाली. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही, आणि मी तिच्या शब्दावर कधी शंका घेतली नाही. आमचा संसार या दोन खांबांवर उभा होता. मी गप्प बसले. पण सामन्याच्या दिवशी दुपारचे पावणेतीन वाजले आणि मला बसवेना.

चंद्राबाई म्हणाली, "माज्या मोबाइलात नेट हाय की. रोज मालिका बगती मी. चला माज्या सोप्यात."

तीस वर्षांत मी तिच्या घरी तिच्या लेकीच्या लग्नाला आणि तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला, अशी दोनदाच गेले होते. आमच्या घरापासून ते शंभर पावलांवर आहे. तिने खाटेवर स्वच्छ वाकळ अंथरली, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला, आणि माझ्या हातात चहा दिला.

पडद्यावर वेस्टमिअरचे खेळाडू एका ओळीत उभे होते. खेळ सुरू झालेला नव्हता. सर्वांच्या माना खाली होत्या आणि डाव्या दंडावर काळ्या फिती बांधलेल्या होत्या. मी ओळीत साईराजला शोधू लागले. तो नव्हता. दुखापत झाली की काय, एवढाच विचार माझ्या मनात आला. मग प्रेक्षकही उभे राहिले आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छायाचित्र आले.

ते माझे होते. साईराजच्या बहिणीच्या, संयोगिताच्या लग्नात सांगलीला काढलेले. नाकात नथ, डोक्यावर पदर.

समालोचक शांत, अदबीच्या स्वरात सांगत होता, की वेस्टमिअरचा फिरकी गोलंदाज साई घार्गे याच्या आजी, मिसेस वत्सला घार्गे, भारतातील आपल्या राहत्या घरी झोपेतच वारल्या आहेत. त्यांनीच साईला वाढवले होते. आणि साई अंत्यविधीसाठी मायदेशी गेला आहे. 'पास्ड अवे पीसफुली' असे तो म्हणाला. मृत्यूची बातमी सभ्यपणे कशी द्यावी, हे आठवीत असताना साईराजला मीच शिकवले होते.

चंद्राबाईला इंग्रजी कळत नाही. ती हरखून गेली.

"आक्कासाहेब, तुमचा फटू! आवं, समदी उटून उभी ऱ्हायली की तुमच्यासाटी! बक्षीस दिलं का काय तुमाला?"

"नाही. मी वारले, असे सांगत आहेत."

तिने मोबाइलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा मोबाइलकडे पाहिले.

"कोन म्हनलं? मुडदा बशिवला त्येचा! आन् मग माजा च्या कोन पितंय हितं?"

मला हसू यायला हवे होते. मी हातातली बशी खाली ठेवली. पडद्यावर मौनाचे एक मिनिट संपले. हॅरॉपने मान वर केली, दंडावरची फीत नीट केली आणि चेंडू गोलंदाजाकडे फेकला.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. शेतावर माणूस हवा असे, बहिणीचे लग्न ठरलेले असे, बांधाचे भांडण पेटलेले असे, आणि रजा मिळत नसे. अशा वेळी पलटणीच्या पत्त्यावर तार जाई: 'मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली.' वस्तीत इंग्रजी येणारी मी एकटी. त्यामुळे पोस्टात बसून अशा तारा मीच लिहून देत असे. माझ्या सासूबाई, बनुबाई, अशा तारांतून चार वेळा अंथरुणाला खिळल्या होत्या आणि आणखी कोणी विचारले तर 'लिव की, मला काय होतंय' असे म्हणून खुरपायला निघून जात. पलटणीतल्या साहेबांनाही हे ठाऊक असे. ते तार वाचून हसत आणि रजेवर सही करत. कारण या खोटेपणालाही एक मर्यादा होती आणि ती कोणी ओलांडत नसे. माणूस अंथरुणावर टेकवावा, तिरडीवर ठेवू नये. जिवंत माणसाच्या मरणाची तार मी कधी लिहिली नाही. एकदा एक बाई रडत आली, म्हणाली, सासरा मेला असे लिहा, नाहीतर सोडणार नाहीत. मी तिला पोस्टाच्या पायरीवरून परत पाठवले.

हे सारे किस्से साईराजने लहानपणी माझ्या मांडीवर बसून ऐकले होते. पोट धरून हसला होता.

घरी आले. क्रांती शेंगा फोडत बसली होती.

"साईराजचा फोन आला होता का?" मी विचारले.

"मघाशी आला होता. सामना सुरू होतोय म्हणाला. गडबडीत होता."

"कसा आहे?"

"बरा आहे, आत्याबाई."

तिचा हात थांबला नाही. शेंगेची टरफले एका बाजूला, दाणे एका बाजूला. मला तेव्हा कळले, की जेसीबीने कुठलीही केबल तोडलेली नाही.

मी तिला काही बोलले नाही. बत्तीस वर्षे मुलांना सांभाळल्यावर एक गोष्ट कळते. खोटे बोलणाऱ्याला जाब विचारला की तो दुसरे खोटे रचतो. आपण गप्प बसलो की त्याला पहिलेच सांभाळत बसावे लागते. पण माझ्या गप्प बसण्यात केवळ ही युक्ती नव्हती. क्रांती स्वतःहून सांगेल, अशी मला आशा होती. तिला मी चार दिवस दिले. रोज संध्याकाळी मी तोच प्रश्न विचारला आणि रोज तिने तेच उत्तर दिले. तिसऱ्या दिवशी तर म्हणाली, "तीन विकेट काढल्या म्हणे आज त्यानं." मी दुपारभर तो सामना पाहून आले होते.

"कुणाच्या?" मी विचारले.

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली, आणि पोळी उलटायला वळली.

चौथ्या दिवशी चंद्राबाईने शेजारच्या दोघीजणींना बोलावून ठेवले होते. मेलेली बाई आपल्याच दुखवट्याचा सामना बघायला येते, ही बातमी तिने पोटात ठेवली होती असे ती म्हणाली. पण त्या दोघी ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होत्या, त्यावरून तसे वाटले नाही. मी त्यांना घरी जायला सांगितले. त्या गेल्या.

खेळपट्टी साईराज म्हणाला होता तशीच होती. चेंडू टप्प्यावर पडला की धूळ उडत असे. हॅरॉपकडे दुसरा फिरकी गोलंदाज नव्हता. त्याने एका फलंदाजाच्याच हातात चेंडू दिला. त्या बिचाऱ्याचा एक चेंडू गुडघ्याला, एक छातीला, एक पार लेग साइडला. तरीही चेंडू असा वळत होता की नऊ गडी बाद झाले. शेवटची जोडी मैदानात आली तेव्हा तेरा षटके उरली होती. चष्मा लावलेला एक वेगवान गोलंदाज फलंदाजीला आला होता. त्याला बॅट धड धरता येत नव्हती. साईराजला तो सहा चेंडू पुरला नसता. हे मी आजी म्हणून सांगत नाही.

तेरा षटके तो टिकला. एकदा चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन उडाला आणि हॅरॉपने स्लिपमध्ये उजवीकडे झेप घेतली. चेंडू त्याच्या बोटांना लागून खाली पडला. तो तसाच गवतावर पालथा पडून राहिला. दंडावरची काळी फीत मातीने राखाडी झाली होती.

"पडला गं बाई!" चंद्राबाई कळवळली. "उटत का न्हाई त्यो?"

सामना अनिर्णित राहिला. वेस्टमिअर तिसरे आले. वर दोनच संघ जाणार होते. हॅरॉप कॅमेऱ्यासमोर आला. मी 'जवळ' या शब्दाची वाट पाहत होते. तो म्हणाला, "आज साई इथे असता तर, असे कृपया कोणी म्हणू नका. साई जिथे असायला हवा, तिथे आहे. आम्हाला त्या बाईंसाठी जिंकायचे होते."

मी चंद्राबाईला मोबाइल बंद करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारात गाडी थांबली. साईराज उतरला. पायांत नवे बूट, हातात नवी बॅग. केस बारीक कापलेले. तो थेट माझ्या खोलीत आला आणि पायांवर वाकला. मी पाय मागे घेतले.

"मेलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत. हार घालतात."

तो वाकलेला तसाच राहिला. मग त्याने दाराकडे पाहिले. दारात क्रांती उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

"तुम्हाला कधी कळलं?" ती म्हणाली.

"पहिल्या दिवशी. तुझी आणि माझी चार संध्याकाळी याच विषयावर बोलणी झाली, क्रांती."

ती भिंतीला टेकली. साईराज मात्र सावरला. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा.

"आजी, तू ऐकून तर घे. मुंबईत ट्रायलचा कॅम्प होता. एवढ्या मोठ्या फ्रँचाइजीचा. चोवीसच पोरं बोलावली होती. तीन दिवस. तारखा ह्याच. दोन वर्षं मी त्या फोनची वाट बघतोय."

"कर्णधाराला सांगायचेस."

"सांगितलं तर सोडतोय होय? काँट्रॅक्ट तीस सप्टेंबरपर्यंत आहे."

"मग जायचे नाही."

"असं तू म्हणणार माहीत होतं. म्हणून तर..." तो थांबला. मग थोडासा हसला. मला वाटते, त्या हसण्याने माझे जितके नुकसान झाले तितके त्या बातमीने झाले नव्हते. "आजी, तूच तर तारा लिहायचीस. आधी मी तेच म्हणालो, आजी सिरीयस आहे. ते म्हणाले, रोज फोन कर, डॉक्टरांशी आम्ही बोलतो, हवं तर इकडून तज्ज्ञ सुचवतो, सामना संपला की लगेच जा. काय करणार? गेली म्हटल्यावर तासात तिकीट काढून दिलं त्यांनी. बेन स्वतः विमानतळावर सोडायला आला."

"बनुबाईंना मी कधी मारले होते का?"

"तेवढाच फरक आहे गं. एका शब्दाचा."

"आत्याबाई," क्रांती मध्येच म्हणाली, "पोराचं सगळं आयुष्य पुढं आहे. तुमचं नाव घेतलं म्हणून तुमचं काही कमी झालं का? मीच म्हणाले त्याला, आत्याबाईंचं मी बघते."

तर माझ्या मरणाला माझ्या घरातून संमती मिळालेली होती. बाहेर चंद्राबाई विनाकारण अंगण झाडत होती.

साईराजने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "अजून एक आहे, आजी. आज सहाला बेनचा व्हिडिओ कॉल आहे. सीझन संपल्याचं दुपारचं जेवण आहे त्यांचं, सगळी टीम असणार. आईला भेटून दुःख सांगायचंय त्यांना. मी टाळायचं बघितलं, ते ऐकेनात. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. तू फक्त आतल्या खोलीत बस."

"बसते," मी म्हणाले. दोघांचेही चेहरे उजळले. "पण त्या पाच मिनिटांत तू त्यांना खरे सांगायचेस. तुझ्या तोंडाने. मी मध्ये येणार नाही, एक शब्द बोलणार नाही. तू सांगितलेस तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही, आणि तुझ्या बापाला मी कळवणार नाही. नाही सांगितलेस, तर मी सांगेन."

"आजी, करिअर जाईल माझं."

"एका काउंटीचा करार जाईल. हात तुझ्याकडेच राहील."

त्याने पुन्हा घड्याळ पाहिले. मग म्हणाला, "बरं. सांगतो."

"शब्द?"

"शब्द, आजी."

त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला. पंचवीस वर्षांचा विश्वास पाच दिवसांत संपत नाही. तो संपवायलाही वेळ लागतो.

सहाला मी आतल्या खोलीत खुर्चीवर बसले. दार लोटलेले होते. मोबाइलचा आवाज मोठा होता. बशा-काट्यांचा आवाज, मग कोणीतरी सर्वांना गप्प केले. हॅरॉप बोलू लागला. तो क्रांतीला म्हणाला, की आम्ही सगळे फार दिलगीर आहोत. साई तुमच्या सासूबाईंबद्दल नेहमी बोलत असे. त्या प्रत्येक सामना पाहतात आणि साईला चुका सांगतात, हे ऐकून आम्ही त्यांना आमच्या सर्वांत कडक प्रशिक्षक म्हणत असू. मग त्याचा आवाज जरा खाली आला. "झेल मी सोडला. त्यांनी पाहिला असता तर मला सोडले नसते. आम्हाला माफ करा, आम्ही त्यांच्यासाठी जिंकू शकलो नाही."

ज्या माणसाला माझ्या घराने फसवले, तो माझ्या घराची क्षमा मागत होता. मी खुर्चीचे हात धरून बसले आणि साईराजच्या आवाजाची वाट पाहू लागले. आता सांगेल. यापेक्षा योग्य क्षण नव्हता.

साईराज बोलला. त्याचे इंग्रजी स्वच्छ होते. "थँक्यू, बेन. ती गेली त्या रात्री आम्ही फोनवर बोललो होतो. तिचा आवाज अगदी क्षीण झाला होता. ती मला म्हणाली, माझ्यासाठी रडू नकोस, तुझ्या संघासाठी खेळ. तेच तिचे शेवटचे शब्द."

मी उठले आणि दार उघडले.

क्रांतीने मला पाहिले आणि ती मोबाइल वळवायला गेली, पण तोवर मी त्यात दिसले होते. पडद्यावर एक लांब मेज, ग्लास, आणि पंधरा-वीस चेहरे. सर्वांच्या पुढे हॅरॉप, कोटात. त्याने गोंधळून विचारले, "या कोण?"

"आजीची बहीण," साईराज म्हणाला. त्याला एक क्षणही विचार करावा लागला नाही. "मोठी बहीण."

हॅरॉपने लगेच दोन्ही हात जोडले. कोणी शिकवले होते त्याला, कोण जाणे, बहुधा साईराजनेच. "तुमच्या बहिणीबद्दल आम्हाला फार वाईट वाटते, मॅडम," तो म्हणाला. मागचे सगळे उठून उभे राहिले.

साईराज माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत भीती नव्हती, विनवणी होती. आणि विनवणीपेक्षा जास्त खात्री होती. आजी आपल्याला सांभाळून घेईल, ही खात्री. त्याने आयुष्यभर माझ्यात जी माया पाहिली, तिचा अर्थ त्याने हा लावला होता.

मी म्हणाले, "मिस्टर हॅरॉप, मी वत्सला घार्गे. मला बहीण नाही. तुमचे चारही दिवस मी पाहिले. त्या चष्मेवाल्याला तुम्ही अगदी जवळ क्षेत्ररक्षक लावून घेरले, ते बरोबर होते. झेल अवघड होता. तुमचा डावखुरा गोलंदाज त्या वेळी मुंबईत दुसऱ्या संघासाठी चाचणी देत होता. क्षमा तुम्ही मागायची नाही. मी मागते."

पलीकडे एकाने ग्लास मेजावर ठेवला, त्याचा आवाज इथपर्यंत आला. हॅरॉप साईराजकडे पाहत होता. त्याने त्याला काही विचारले नाही, शिवी दिली नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"तुम्ही जिवंत आहात याचा मला आनंद आहे, मॅडम," तो म्हणाला. "खरोखर." आणि पडदा काळा झाला.

साईराज उठला. बॅगेची चेन अजून उघडली नव्हती, ती त्याने तशीच खांद्यावर टाकली.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आता हे सगळीकडे जाईल. कॅम्पवाल्यांपर्यंत पण जाईल. कोण घेणार मला?"

"तू शब्द दिला होतास."

"आणि तू माझी आजी होतीस!"

क्रांती त्याच्या मागे धावली. तिने फाटकापाशी त्याच्या हातात डबा दिला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. गाडी वळली आणि कराडच्या रस्त्याला लागली. ती परत आली तेव्हा रडत नव्हती.

"दाराआड पाच मिनिटं बसला असता, तर काय गेलं असतं तुमचं?" तिने विचारले. सत्तावीस वर्षांतले तिचे ते पहिले उलट उत्तर.

"मी बसलेच होते, क्रांती," मी म्हणाले. "त्याने मला बाहेर बोलावले."

तिला ते समजले नाही, किंवा समजून घ्यायचे नव्हते.

आता दिवाळी होऊन गेली. वेस्टमिअरने साईराजचा करार संपवला, एवढे वर्तमानपत्रात दोन ओळींत आले. कारण दिले नव्हते. मला वाटते, ते हॅरॉपने दिले नसावे. मुंबईच्या चाचणीचे काय झाले, ते मला कोणी सांगितले नाही. जोतीरामला मी सविस्तर पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले: 'आई, तुझी तब्येत जप.' त्याने एवढेच लिहिले.

घरचे इंटरनेट चालू झाले आहे. क्रांती माझे सगळे वेळेवर करते. चहा, औषध, गरम पाणी. बोलायचे तेवढे बोलते. साईराजचा फोन रविवारी येतो. तो तिच्या मोबाइलवर येतो आणि ती तो घेऊन अंगणात, पार चाफ्यापलीकडे जाते. खिडकीतून ती मला दिसते. आवाज येत नाही. वीस-पंचवीस मिनिटे बोलते, एखाद्या वेळी हसते, आणि आत येताना चेहरा पुसून येते.

आजी कशी आहे, एवढे तो एकदा तरी विचारतो का, हे तिला विचारायचे माझ्या ओठांवर दोनदा आले. मी विचारले नाही. तो विचारत नसला तरी ती 'हो' म्हणेल. आणि ते खोटे आहे हे कळूनही, या खेपेला मी तिला काही बोलणार नाही.